तंबूतली बंदूक कोणाचे रक्षण करते?

माझ्या एका जुन्या मित्राचा मुलगा अमेरिकेत सिएटल शहरात नोकरीला आहे. मित्र रेल्वेतून निवृत्त झालेला, वहिनी अंगणवाडीत सेविका होत्या. पोराने शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग पूर्ण केले आणि कंपनीने त्याला तिकडे पाठवले. तिकडे गेल्यावर त्याला एक नवा नाद लागला. जुनी, उंच चाकांची दणकट गाडी घ्यायची, तिच्या टपावर उघडमीट करता येणारा तंबू बसवायचा, मागे पाण्याचे कॅन, शेगडी आणि शिधा भरायचा आणि पक्का रस्ता सोडून डोंगरातून, जंगलातून पंधरा-पंधरा दिवस भटकायचे. जिथे रात्र होईल तिथे मुक्काम. या भटकंतीला तिकडे ओव्हरलँडिंग म्हणतात. आपले बापजादे बैलगाडीत संसार घालून ऊसतोडीला जात तेव्हा त्याला कोणी असे इंग्रजी नाव दिले नव्हते, पण तो विषय वेगळा.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री मित्राचा फोन आला. आवाज घाबरा. "पोरगं बंदूक घ्यायची म्हणतंय रे." मोन्टाना, वायोमिंग असा लांबचा प्रवास ठरला होता. ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्याने त्याला सांगितले होते की, जंगलात अस्वले असतात, चोर असतात, पोलीस यायला दोन तास लागतात, तेव्हा तंबूत उशाला पिस्तूल नसेल तर जाऊच नकोस. "तू पेपरात लिहितोस, तुला कायदा कळतो. तूच समजाव त्याला," मित्र म्हणाला.

मला बंदुकीतले काय कळणार? कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा पाच गोळ्यांपुरती रायफल हातात धरली, तेवढीच. "घेऊ नकोस" असे सांगून मोकळे होणे सोपे होते. पण मुलगा शिकलेला आहे, तो कारण विचारणार. म्हणून मी वाचायला बसलो. जे हाती लागले ते केवळ एका मुलापुरते नाही. आज आपली शेकडो मुले-मुली तिकडे आहेत, त्यांच्या आईबापांनीही ते वाचावे असे वाटले, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तो सहकारी काही माथेफिरू नव्हता. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे आणि २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेरही स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणे हा हक्कच आहे असा निकाल दिला. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीनुसार तिथले सुमारे ३२ टक्के प्रौढ स्वतः बंदूक बाळगतात आणि त्यातले ७२ टक्के सांगतात की, संरक्षण हे आमचे मोठे कारण आहे. राष्ट्रीय उद्यानांत पूर्वी बंदूक गोळ्या काढून, बांधून ठेवावी लागे. २००९ मध्ये क्रेडिट कार्डांच्या कायद्याला एक दुरुस्ती चिकटवण्यात आली (होय, क्रेडिट कार्डांच्या!) आणि २२ फेब्रुवारी २०१० पासून उद्यान ज्या राज्यात असेल त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे तिथे भरलेली बंदूक बाळगता येऊ लागली. म्हणजे तंबूत पिस्तूल ठेवणारा माणूस तिकडे चारचौघांसारखाच आहे.

आता अस्वल. तपकिरी अस्वल, ज्याला तिकडे ग्रिझली म्हणतात, ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकते. तीस मीटरवरून ते धावून आले तर तुमच्या हातात दोन सेकंद असतात. या दोन सेकंदांत पिस्तूल काढायचे, घोडा सोडवायचा, थरथरत्या हाताने नेम धरायचा आणि एवढ्या मोठ्या जनावराला जागीच थांबवील अशा ठिकाणी गोळी घालायची. हे सिनेमात होते. प्रत्यक्षात काय होते याचा अभ्यास टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या नोंदींवरून केला आहे. २००८ च्या त्यांच्या अभ्यासात मिरचीच्या अर्काचा फवारा, म्हणजे बेअर स्प्रे, तपकिरी अस्वलांना परतवण्यात ९२ टक्के वेळा यशस्वी ठरला. २०१२ मध्ये त्यांनी १८८३ ते २००९ या काळातल्या बंदुकीच्या २६९ घटना तपासल्या. पिस्तुलाला ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुकीला ७६ टक्के यश आले होते. दोन्ही अभ्यासांतल्या घटना सारख्या नाहीत, त्यामुळे आकड्याला आकडा भिडवून भांडण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या अभ्यासातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. ज्यांनी जवळची बंदूक चालवली आणि ज्यांनी जवळ असूनही चालवली नाही, त्यांना झालेल्या इजेत फारसा फरक दिसला नाही.

फवाऱ्याला नेम लागत नाही. समोर ढग उभा राहतो, अस्वल त्यात शिरते आणि त्याचे नाक-डोळे जळायला लागतात. पिस्तुलाने अस्वल मरत नाही असे नाही. मे २०१० मध्ये, नवा कायदा लागू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते तोच, अलास्काच्या देनाली उद्यानात एका पदयात्रीने पिस्तुलाच्या नऊएक गोळ्या झाडून ग्रिझली मारले. नऊ गोळ्या, हे लक्षात घ्या. जखमी अस्वल मध्येच उलटले असते तर?

आणि मुळात अस्वलाने माणूस मारल्याच्या घटना किती? यलोस्टोन हे उद्यान १८७२ मध्ये स्थापन झाले. तेव्हापासून उद्यानाच्या हद्दीत अस्वलाने मारलेली माणसे आठ. तिथल्या उकळत्या झऱ्यांत भाजून मेलेली माणसे वीसहून अधिक आहेत आणि बुडून मेलेली त्याहून कितीतरी जास्त. झऱ्यावर आणि नदीवर गोळी चालत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसे मेली, त्यातली २६,३२८ माणसे आत्महत्येत गेली. दूरदेशी एकट्या राहणाऱ्या, नोकरी जाण्याच्या धास्तीत जगणाऱ्या तरुणाच्या खोलीत वर्षभर पिस्तूल पडून राहणार आहे, प्रवास फक्त पंधरा दिवसांचा आहे. बापाने मला बोलून दाखवले नाही, पण त्याच्या घाबऱ्या आवाजात हीही भीती असावी.

पुढचा प्रश्न कायद्याचा. गाडी चालवण्याचा परवाना तिथे पन्नासही राज्यांत चालतो, बंदूक बाळगण्याचा चालत नाही. निम्म्याहून अधिक राज्यांत आता परवान्याशिवायही लपवून पिस्तूल बाळगता येते. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया या राज्यांत तेच पिस्तूल तुम्हाला तुरुंगात नेते. १९८६ चा एक केंद्रीय कायदा वाटसरूला संरक्षण देतो, पण अटी अशा : जिथून निघालात तिथे आणि जिथे पोहोचणार तिथे शस्त्र कायदेशीर हवे, गोळ्या काढलेल्या हव्यात, शस्त्र बसल्या जागेवरून हाताशी येता कामा नये, आणि गाडीला वेगळी डिकी नसेल तर ते कुलूपबंद पेटीत हवे. ओव्हरलँडिंगच्या गाड्यांना वेगळी डिकी नसतेच. मग कुलूपबंद पेटीतली, गोळ्या काढलेली बंदूक रस्त्यात कोणाचे संरक्षण करणार? शिवाय हे संरक्षण 'प्रवासात' असणाऱ्याला आहे. मधल्या राज्यात चार दिवस तंबू ठोकून बसणारा माणूस प्रवासात आहे की मुक्कामाला, यावर वकिलांना भांडायला भरपूर जागा आहे.

मुलाचा पुढच्या वर्षी कॅनडातून अलास्काला जायचा विचार होता. कॅनडात पर्यटकाला स्वसंरक्षणासाठी पिस्तूल नेता येत नाही. लांब बंदूक सीमेवर जाहीर करून, शुल्क भरून न्यावी लागते. मेक्सिकोची गोष्ट तर विचारूच नका. २०१४ मध्ये अमेरिकेचा एक माजी सैनिक चुकीच्या वळणावरून सीमा ओलांडून तिहुआनात शिरला. गाडीत तीन बंदुका होत्या. सात महिने तो तिथल्या तुरुंगात होता.

पण हे सर्व वाचून झाल्यावर मला जे सापडले त्यापुढे बाकीचा काथ्याकूट व्यर्थ होता. आपला मुलगा एच-१बी व्हिसावर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. वर हद्दपारी. सहकाऱ्याने 'घे, माझी घेऊन जा' म्हणून दिलेली बंदूक हाती धरणे, नेमबाजीच्या मैदानावर तासाच्या भाड्याने घेतलेले पिस्तूल चालवणे, हेही 'बाळगणे'च. ग्रीन कार्ड मिळालेल्याला ही बंदी नाही. व्हिसावाल्यांना काही मोजके अपवाद आहेत, त्यातला एक ऐकण्यासारखा आहे : एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना काढला तर ही बंदी उठते. म्हणजे परदेशी माणसाने हरीण मारायला बंदूक घेतली तर हरकत नाही! हा अपवाद सांगून त्या पळवाटेने जा असे सुचवणारे दुकानदार आणि मित्र तिकडे भेटतात. पोराला मी सांगितले, कागदावर वाट आहे, पण रात्री दोन वाजता निर्जन रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या पोलिसाला तू हे कलम आणि उपकलम समजावून सांगणार आहेस काय?

तो हसला आणि म्हणाला, "काका, इथे पोलीस चांगले असतात."

असतील. फिलँडो कॅस्टिललाही कदाचित तसेच वाटले असेल. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात शाळेच्या भोजनगृहात काम करणारा हा ३२ वर्षांचा कृष्णवर्णीय माणूस. त्याच्याकडे पिस्तूल बाळगण्याचा रीतसर परवाना होता. ६ जुलै २०१६ रोजी पोलिसाने त्याची गाडी थांबवली. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. कॅस्टिलने शांतपणे, आपणहून सांगितले की, साहेब, माझ्याकडे शस्त्र आहे. कायदा पाळणाऱ्या माणसाने जे सांगायला हवे तेच त्याने सांगितले. पुढच्या काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. कॅस्टिल मेला. २०१७ मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी एरवी आकाश पाताळ एक करणाऱ्या संघटनांना या परवानाधारकाच्या मरणावर स्पष्ट बोलायला किती जड गेले, हे त्या वेळच्या बातम्यांतून कोणीही वाचावे.

२०१३ ची आणखी एक गोष्ट. फिलाडेल्फियाची एक कृष्णवर्णीय महिला, दोन मुलांची एकटी आई. तिने संरक्षणासाठी पिस्तूल घेतले, पेनसिल्व्हेनियाचा परवानाही काढला. गाडीने शेजारच्या न्यू जर्सीत गेली तेव्हा पोलिसाने साध्या वाहतूक तपासणीसाठी थांबवले. तिनेही आपणहून सांगितले. तिचा परवाना नदीपलीकडे चालत नव्हता. किमान साडेतीन वर्षे सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार तिच्या डोक्यावर आली. प्रकरण देशभर गाजले म्हणून ती शिक्षा टळली, आणि २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. प्रत्येकाचे प्रकरण गाजत नाही.

तेव्हा 'बंदूक असली की माणूस सुरक्षित' हे वाक्य अर्धे आहे. कोणता माणूस? गोऱ्या माणसाच्या कमरेचे पिस्तूल पाहिले की लोक म्हणतात, हा सावध गृहस्थ दिसतो. तेच पिस्तूल काळ्या किंवा सावळ्या माणसाच्या कमरेला दिसले की लोक पोलिसांना फोन करतात. शस्त्र तेच, कायदा तोच. पाहणाऱ्याच्या डोळ्यात आधीच बसलेला निवाडा वेगळा. हे आपल्या वाचकांना फोड करून सांगायची गरज नाही. मिशी ठेवली, घोड्यावर बसला म्हणून आपल्याकडे नवरदेवाला मारहाण होते. मिशी तीच, घोडा तोच असतो.

हा निवाडा आजचा नाही. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी कृष्णवर्णीय नागरिक होऊ शकत नाहीत असे ठरवले, आणि नागरिक मानले तर काय अनर्थ होईल याची जी यादी दिली त्यात एक अनर्थ हा होता की, ते जातील तिथे शस्त्र बाळगू शकतील. यादवी युद्धात गुलामगिरी संपली आणि लगेच १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा करून मुक्त झालेल्यांना परवान्याशिवाय बंदूक, दारूगोळा, सुरासुद्धा बाळगायला बंदी घातली. १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. अहिंसेच्या या महापुरुषाचा अर्ज नाकारला गेला. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते उघडपणे, त्या वेळच्या कायद्याप्रमाणे, बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले तेव्हा कॅलिफोर्नियाने घाईघाईने कायदाच बदलला. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. याच पँथरच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे वेगळे सांगायला नको.

जंगल आणि रस्ताही सगळ्यांचा नव्हता. व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी लुईस माउंटन ही वेगळी मुक्कामाची जागा करण्यात आली होती. निसर्ग राष्ट्राचा, तंबू मात्र जातीप्रमाणे. १९३६ पासून तीस वर्षे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांची 'ग्रीन बुक' ही पुस्तिका निघत असे. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावात खोली मिळेल, जेवण मिळेल, पेट्रोल मिळेल याची ती यादी होती. गाडीच्या कप्प्यात ही पुस्तिका ठेवून माणसे निघत. ज्याला पाणी कुठे मिळेल हे आधी विचारावे लागते त्याचा प्रवास आणि इतरांचा प्रवास एकच नसतो. १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने गोरेगावला निघालेल्या भीमराव नावाच्या मुलाला आणि त्याच्या सोबतच्या मुलांना रात्रभर पाणी मिळाले नाही. जवळ डबा होता, पण पाण्यावाचून घास गिळता आला नाही. बाबासाहेबांनी पुढे ते स्वतः लिहून ठेवले आहे. त्या रात्री त्यांच्याजवळ तलवार असती तर काय झाले असते? पाणी मिळाले असते काय?

इथे कोणी मला अडवील. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये बाबासाहेबांनीच तर सांगितले आहे की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र नाकारले, म्हणून त्यांना बंड करता आले नाही. मग आज शस्त्र मिळत असताना नको कशाला म्हणायचे? हा आक्षेप खरा आहे, तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले ते थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०६ च्या अटलांटा दंगलीच्या वेळी दुनळी बंदूक विकत आणली होती आणि ते घराच्या पायरीवर बसून राहिले होते. १९६४ मध्ये लुइझियानात कृष्णवर्णीय माजी सैनिकांनी सशस्त्र संरक्षण दल उभारले आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना वाचवले. आजही तिकडचे काही कृष्णवर्णीय कुटुंबवत्सल लोक तंबूत जाताना रीतसर परवान्याने पिस्तूल नेतात. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांचा अनुभव माझ्या खोलीतल्या वाचनापेक्षा मोठा आहे.

पण डुबॉइस आपल्या घराच्या पायरीवर, आपल्या वस्तीत बसले होते. लुइझियानातले दल संघटित होते, एकमेकांना ओळखत होते, मागे समाज होता. परक्या जंगलात एकट्या तंबूतल्या एकट्या सावळ्या मुलाची गोष्ट तशी नाही. त्याला मी दोन प्रसंग सांगितले.

पहिला २६ मे २०१९ चा, मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलजवळचा. एक कृष्णवर्णीय जोडपे सहलीला म्हणून तळ्याकाठच्या कॅम्पच्या जागेवर गेले. नवरा लष्करात सेवा केलेला. सोबत कुत्रा. तिथली गोरी व्यवस्थापक महिला हातात पिस्तूल घेऊन आली आणि आरक्षण नाही, निघा, असे म्हणाली. आरक्षण नाही हे तोंडाने सांगता आले असते. जोडप्याने मोबाईलवर चित्रण केले, कंपनीने त्या महिलेला कामावरून काढले. आता समजा, त्या नवऱ्याच्या कमरेलाही पिस्तूल असते आणि त्याचा हात नुसता तिकडे गेला असता तर?

दुसरा प्रसंग सिएटलहून गाडीने काही तासांवर असलेल्या फोर्क्स गावचा. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉईडचा जीव घेतला आणि देशभर निदर्शने पेटली. 'अँटिफा' नावाचे दंगेखोर बसमधून गावोगाव येत आहेत, अशी अफवा पसरली. ३ जून रोजी स्पोकेनचे एक मिश्रवर्णीय कुटुंब, नवरा-बायको, त्यांची १६ वर्षांची मुलगी आणि आजी, घर केलेल्या जुन्या शाळेच्या बसमधून फोर्क्सला आले. हेच ते ओव्हरलँडिंग. सामान घ्यायला ते दुकानाशी थांबले तेव्हा सात-आठ गाड्यांमधल्या लोकांनी त्यांना घेरून 'तुम्ही अँटिफा का' म्हणून जाब विचारला. आम्ही फक्त तंबू टाकायला आलो आहोत, असे सांगून ते जंगलाच्या रस्त्याला लागले. काही गाड्या मागे लागल्या. त्यातल्या काहींत रायफली घेतलेली माणसे होती. कुटुंबाने मुक्काम केला तर जवळून गोळीबाराचे आणि करवतीचे आवाज येऊ लागले. घाबरून निघाले तर रस्त्यावर झाडे तोडून आडवी टाकलेली. पोलिसांना फोन केला. गावातलीच शाळकरी चार मुले करवत घेऊन आली आणि त्यांनी झाडे कापून वाट मोकळी केली.

या कुटुंबाजवळ बंदूक असती तर? एवढी माणसे अंधारात, तुम्ही चौघे बसमध्ये, त्यात एक म्हातारी. एक गोळी जरी सुटली असती तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आले असते की सशस्त्र दंगेखोर जंगलात सापडले. अफवा खरी ठरायला त्यांच्या हातातली एक बंदूकच काय ती कमी होती.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "काका, तुम्ही म्हणता ते पटते. पण मग तिथे सगळ्यांकडे असणार आणि माझ्याकडेच नसणार. त्याचे काय?"

याला माझ्याकडे पुरे पडेल असे उत्तर नव्हते आणि आजही नाही. मी त्याला आपल्याकडच्या एका नियमाबद्दल सांगितले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ मध्ये जे नियम झाले त्यातला तिसरा नियम फार थोड्यांनी वाचलेला असतो. अत्याचारप्रवण भागात सरकारने काय करायचे याची त्यात यादी आहे. आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना शस्त्र परवाना द्यावा, असेही त्यात आहे. पण त्याच्या आधी काय लिहिले आहे? त्या भागातल्या इतरांचे शस्त्र परवाने रद्द करा, त्यांची शस्त्रे सरकारी कोठारात जमा करा, बेकायदा शस्त्रे जप्त करा. ज्याने कोणी हा नियम लिहिला त्याला गाव माहीत होते. आधी दुसऱ्याच्या हातातली बंदूक काढून घ्या, मग आमच्या हातात द्यायची की नाही ते बघू. हा नियम किती तहसिलांत, किती पोलीस ठाण्यांत कधी अमलात आला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. आपण तो फारसा बजावत नाही. अमेरिकेत तर असा नियम कागदावरही येण्याची शक्यता नाही. तिथे दुकानाशी घेरणाऱ्या गाड्यांमधल्या रायफलींना कायद्याने हातही लावता येत नाही, त्या रोखल्या जाईपर्यंत.

म्हणून आम्ही दोघांनी फोनवर मिळून जे ठरवले ते साधे होते. एकटे जायचे नाही. अमेरिकेत 'आउटडोर ॲफ्रो' ही संस्था २००९ पासून कृष्णवर्णीयांना गटाने निसर्गात नेते. त्यामागे नुसती हौस नाही. त्याने ऑफिसातले तिघे तयार केले. पहिले दोन मुक्काम आडरानात न करता, जिथे रखवालदार असतो अशा जागी करायचे. मोबाईलला रेंज नसते तिथे चालणारे उपग्रहाचे संदेशयंत्र भाड्याने घ्यायचे आणि मुक्कामाची जागा रोज बहिणीला कळवायची. खाणे तंबूत ठेवायचे नाही, अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात, तंबूपासून लांब. आणि प्रत्येकाच्या पट्ट्याला एकेक बेअर स्प्रे. पिशवीच्या तळाशी नाही, हाताशी. हा फवाराही सगळीकडे चालत नाही, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात त्याला मनाई आहे आणि विमानात तो नेता येत नाही, हेही त्याला सांगून ठेवले. पोलिसाने गाडी थांबवली तर हात चाकावर, आवाज खाली. हे सांगताना माझीच जीभ जड झाली. हेच मी माझ्या भाच्याला इथे, आपल्याकडे, वेगळ्या कारणासाठी सांगत आलो आहे.

निघायच्या आधी त्याने मुदत संपलेला एक जुना डबा कोणाकडून तरी मिळवला आणि घरामागच्या मोकळ्या जागेत चालवून पाहिला. वारा कुठून येतो ते बघितले नव्हते. तासभर डोळे चोळत, नळाखाली तोंड धरून तो आईशी व्हिडिओवर बोलत होता. वहिनी इकडे पदराने डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, "मसाल्याच्या डंकावर पाठवायचे तेव्हा पळून जायचास ना? घे आता."